त्वचा, केस, नखं : शब्दकार्डांच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या पहिल्या वर्षाची चाचणी तपासून झाली. ‘पॅरोनिकिया म्हणजे काय?’ हा प्रश्न ३२पैकी १९ मुलींनी कोरा सोडला. वर्गात विचारलं, नखाच्या कडेला सुजतं, ठणकतं, पू होतो, त्याला घरी काय म्हणता? सगळ्या एका सुरात ओरडल्या, ‘नखुर्डं!’ दुखणं ओळखीचं, नाव परकं. बहुतेक मुली मराठी माध्यमातून आल्यात आणि पुस्तक सगळं इंग्रजीत.

म्हणून कार्डं करायची ठरवलं. त्वचा, केस आणि नखं एवढाच आवाका. ६० कार्डं, एका बाजूला इंग्रजी संज्ञा, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द. अंदाज तीन आठवडे आणि ३,००० रुपये. दोन्ही अंदाज किती चुकले ते पुढे येईलच. कुणाला दुसऱ्या एखाद्या धड्यासाठी असा संच करायचा असेल, तर निदान माझे खड्डे तरी टाळता यावेत म्हणून हे लिहून ठेवतेय.

१२ जून

संज्ञा फोडून शिकवल्या. एकेका अवयवावर ग्रीक आणि लॅटिन दोघींनीही हक्क सांगितल्यामुळे सगळा घोळ आहे. त्वचेला ग्रीकमध्ये डर्मा, लॅटिनमध्ये क्युटिस. केसाला थ्रिक्स आणि पायलस. नखाला ऑनिक्स आणि उंग्विस. म्हणून त्वचेचा दाह डर्मटायटिस, पण त्वचेखाली दिलेलं इंजेक्शन सबक्युटेनिअस. मुलींना हे चटकन पटलं. आपणही हाताला हात म्हणतो, पण त्याने काढतो ते हस्ताक्षर, आणि पत्रिकेत छापतो ते करकमल.

ऑनिको-मायकोसिस म्हणजे नख आणि बुरशी, हे अर्ध्या तासात जमलं. मग मला जोर चढला आणि ‘कुठलाही शब्द फोडा, अर्थ सापडतो’ असं बोलून बसले. एकीने लगेच ‘अलोपेशिया’, म्हणजे केस झडणं, पुढे केला. मुळात त्यात कोल्हा आहे, खरजेने केस झडलेला कोल्हा. ल्युपसमध्ये लांडगा. टिनिआ, म्हणजे नायटा, त्याचा मूळ अर्थ कपड्यांना लागते ती कसर. फोडून हाती प्राणी लागतात, रोग नाही. चाई पडलेल्या माणसाला कोल्ह्याचा काय उपयोग!

एक मात्र इतकं सुरेख जुळलं की त्यावर दहा मिनिटं जास्तच घालवली. ग्रीकमध्ये ‘पिटिरॉन’ म्हणजे धान्याचा कोंडा, त्यावरून पिटिरियासिस. आपल्याकडेही चाळणीतला तो कोंडा आणि डोक्यातला तोही कोंडाच. शिबं म्हणजे पिटिरियासिस व्हर्सिकलर. त्यावर हलकं नख ओढलं की पिठासारखा बारीक कोंडा निघतो. हे कार्ड कुणालाच पाठ करावं लागलं नाही.

३० जून

गेल्या आठवड्यात मुलींची लोणंद-फलटण भागात वारीच्या प्रथमोपचार केंद्रावर ड्युटी होती. शब्द गोळा करायला याहून चांगली जागा नाही. निम्मा महाराष्ट्र पायी चालत येतो आणि प्रत्येक जण आपापल्या गावच्या शब्दात दुखणं सांगतो. प्रत्येकीला एक छोटी वही दिली होती. नियम एकच, माउली जो शब्द म्हणतील तोच लिहायचा, आपला नाही.

शब्द भरपूर आले. चिखल्या, भेगा, फोड, घट्टे, भोवरी, कुरूप, घामोळं, नायटा, गजकर्ण, इसब, केसतूड, करट. मांड्या ‘काचल्या’. पाय ‘सोलवटले’. दोन वह्या पावसात भिजल्या आणि शाईच्या पेनाने लिहिलेलं सगळं वाहून गेलं, साधारण ४० नोंदी. पुढच्या वेळी शिसपेन.

मुंबईत वाढलेल्या एका मुलीने लिहून आणलं, ‘रुग्णाचा पाय कुरूप आहे.’ आजोबा सांगत होते, पायाला कुरूप झालंय. हसून झाल्यावर लक्षात आलं की कुरूप आणि चामखीळ यांत गोंधळ निम्म्या वर्गाचा आहे, तळव्यावर तर दोन्ही सारखीच दिसतात. कुरूप म्हणजे इंग्रजी कॉर्न, त्याचं लॅटिन नाव क्लेव्हस, म्हणजे खिळा. आपण मात्र खीळ दिली ती दुसऱ्याच दुखण्याला. चाम अधिक खीळ, ती चामखीळ, म्हणजे वॉर्ट. आता कार्डावर नाव खाली आहे आणि ओळखायची रीत वर. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की दुखते, तिच्यावर त्वचेच्या रेषा तुटतात, आणि वरचा थर खरवडला की काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्या.

९ जुलै

पहिला संच छापून आला. फेकून दिला.

फाइल मी युनिकोडमध्ये टाइप केली होती. छपाईवाल्या दादांकडे जुन्या पद्धतीचा फॉन्ट, त्यांनी मजकूर कन्व्हर्टरमधून फिरवला. ‘बऱ्या होणाऱ्या’चं ‘बर्या होणार्या’ झालं, ‘चट्टा’चा ट्ट मोडून मध्ये पाय लटकायला लागला, आणि ‘ॲलर्जी’तलं पहिलं अक्षरच गायब, नुसती ‘लर्जी’ उरली. प्रूफ मी मोबाइलवर पाहून ‘ठीक’ कळवलं होतं, तेव्हा दोष त्यांच्या पदरात घालता येणार नाही. ३० पानं दोन्ही बाजूंनी रंगीत ९०० रुपये, लॅमिनेशन ६००. दीड हजार पाण्यात.

यापुढे मजकूर द्यायचाच नाही, पीडीएफ द्यायची, फॉन्ट आत बसवून. मी ‘मुक्ता’ वापरला, जोडाक्षरं नीट येतात. आणि लॅमिनेशनच्या आधी एक संच साध्या कागदावर काढून मोठ्याने वाचायचा. लॅमिनेशन झालेल्या कार्डावर दुरुस्ती होत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण मी मार्कर घेऊन बसले होते.

१९ जुलै

ही चूक छपाईची नाही, माझी. आणि सगळ्यांत महागाची.

कार्ड क्रमांक २३ वर ‘अल्सर : व्रण’ असं होतं. चूक म्हणावी असंही त्यात काही नाही. संस्कृतात आणि आयुर्वेदात व्रण म्हणजे जखमच, सुश्रुत संहितेत व्रणावर साठ उपक्रम सांगितलेत. (माझीही कार्डं साठच. तेवढंच साम्य.) परवा एका मुलीने ड्युटी संपताना हँडओव्हरच्या वहीत लिहिलं, ‘डाव्या तळव्यावर व्रण.’ रुग्णाला जुना मधुमेह. पुढच्या पाळीतल्या मुलीने वाचलं आणि तिला अर्थ लागला तो रोजच्या मराठीतला. लहानपणी पडले होते, गुडघ्यावर अजून व्रण आहे, हा. बरी झालेली जखम. त्या पाळीत ड्रेसिंग राहिलं. संध्याकाळी मोजे भिजलेले दिसले तेव्हा कळलं. सुदैवाने थोडक्यात निभावलं.

दोघी मुली रडवेल्या होत्या. मी त्यांना कार्ड दाखवलं आणि म्हटलं, हे मी लिहिलंय.

रात्री बसून सगळ्या ६० कार्डांवरून याच नजरेने हात फिरवला. हा शब्द कोशात बरोबर आहे का, ही विचारणा निरुपयोगी निघाली. रात्रीच्या पाळीतली दमलेली मुलगी हा शब्द वाचून काय करेल, हे विचारायचं. व्रण हा शब्दच वहीतून बाद केला. स्कारला ‘वण’, देवीचे वण सगळ्यांना माहीत असतात. अल्सरला ‘उघडी, खोल जखम’. आणि शेजारी इरोजनचं कार्ड नव्याने घातलं, कारण दोन्हींत फरक खोलीचा आहे. इरोजनमध्ये फक्त वरची बाह्यत्वचा जाते आणि भरून आली की मागे काही राहत नाही. अल्सर खालच्या अंतस्त्वचेपर्यंत पोचतो, तो बरा झाला तरी वण ठेवून जातो.

२४ जुलै

व्रणाच्या धक्क्यानंतर मुलींनाच कामाला लावलं. एकच मराठी शब्द, दोन अर्थ, असे शब्द शोधून आणा. पहिलाच आला ‘पित्त’. बाह्यरुग्ण विभागात एक बाई म्हणाल्या, ‘पित्त उठलंय.’ आमच्या मुलीने लिहिलं ॲसिडिटी, जेवणाच्या वेळा विचारल्या, चहा किती घेता तेही विचारलं. बाईंनी शेवटी वैतागून बाही वर केली. हातभर गांधी. पित्त होतं तेव्हा मळमळतं, डोकं दुखतं. पित्त उठतं तेव्हा अंगावर गांधी येतात, खाजतात आणि काही तासांत जागा बदलतात. त्याला अर्टिकेरिया लिहायचं. एका क्रियापदाने आजार बदलतो. या कार्डावर एक ओळ लाल शाईत आहे, ओठ, पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला तर नाव शोधत बसू नका, डॉक्टरांना हाक मारा.

दुसरा शब्द त्याहून अवघड. ‘कोड’. मराठीत कोड म्हणजे पांढरे डाग, व्हिटिलिगो. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे कुष्ठरोग. कानाला फरक जवळपास नाही. इथे बांधकामावर उत्तरेकडचे मजूर बरेच. एकाने हिंदीत सांगितलं, आमच्या मुलीने मराठीत ऐकलं, आणि उलटही घडू शकतं. एखाद्या कोड असलेल्या मुलीला हिंदी बोलणाऱ्या शेजारणीने कुष्ठरोगी ठरवायला किती वेळ लागेल? दोन्ही दुखण्यांना आधीच लोकांच्या नजरेचा जाच कमी नाही.

इथे शब्दावर विसंबायचंच नाही असं ठरवलं. कोडाचा डाग खडूसारखा पांढराफटक, त्यावरचे केसही कधी पांढरे होतात, पण स्पर्श शाबूत. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, पांढराफटक नसतो, आणि तिथे स्पर्श कमी कळतो किंवा कळतच नाही. घामही कमी, केस विरळ. कापसाची वात, रुग्णाचे डोळे मिटलेले, ‘कुठं लावलं ते बोटानं दाखवा.’ हे कार्ड आम्ही एकमेकींवर करून पाहिलं. पहिल्या फेरीत सगळ्या जणी कापूस घासत होत्या. घासायचा नाही, नुसता टेकवायचा.

आणि ‘महारोग’ हा शब्द कार्डात नाही. वरोऱ्याच्या संस्थेच्या नावात तो १९४९पासून आहे आणि तिथे त्याला मान आहे, पण रुग्णासमोर आपण कुष्ठरोगच म्हणायचं.

३० जुलै

मापं. पॅप्युल, नोड्युल या भरीव गाठी, व्हेसिकल, बुला हे पाण्याचे फोड. लहान-मोठ्यांत फरक मुख्यतः आकाराचा. पण सीमा कुठे? एका पुस्तकात अर्धा सेंटिमीटर, दुसऱ्यात एक. मुली हैराण. मी एक सेंटिमीटर धरलं आणि कार्डावर तसं लिहून टाकलं. परीक्षेसाठी वर्गातलं पुस्तक म्हणेल ते, वहीत मात्र नुसतं नाव नको, मिलीमीटर लिहा.

फोटोंऐवजी स्वयंपाकघर आणलं. मोहरी, मसूर, हरभरा, सुपारी पत्र्याच्या ताटलीत, डोळे मिटून बोटाने ओळखायचं. पॅप्युल मोहरी ते मसूर, नोड्युल हरभऱ्याच्या पुढे आणि आत रुतलेला. व्हेसिकलला भिजवलेला साबुदाणा. तळहाताच्या कडेला, बोटांच्या बाजूंना खाजरे फोड येतात त्यांना पाठ्यपुस्तकंही साबुदाण्याचीच उपमा देतात, त्यामुळे इथे मी काही नवा शोध लावलेला नाही. बुलासाठी पाणी भरलेला फुगा केला, तो फुटला, हजेरीपट भिजला.

चट्ट्याच्या मापाला ‘रुपयाच्या नाण्याएवढा’ लिहिलं होतं. एक मुलगी तीन नाणी घेऊन आली. जुना रुपया २५ मिलीमीटर, मधला २२, नवा २०. खोडलं. फूटपट्टीच.

काल नागपंचमी झाली, सगळ्यांचे हात रंगलेले. परवा रात्री वसतिगृहात मेंदी सुरू असतानाच विचारायला आल्या होत्या, ‘मॅडम, नखांना लावली तर चालेल?’ चालेल म्हटलं, आणि पायाच्या अंगठ्यालाही लावा. का ते महिन्याने सांगते.

७ ऑगस्ट

रंगांची कार्डं दोनदा बदलली. ‘एरिथिमा : लाली.’ बरोबर, पण जाळ्यावर सापडणारे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे. आमच्या वॉर्डात लाली लाल दिसत नाही. सावळ्या अंगावर ती जांभळट, कधी काळपट तपकिरी, कधी नुसती शेजारच्या भागापेक्षा गडद. मुली ‘लाल नाही’ म्हणून ‘नॉर्मल’ लिहीत होत्या. कार्डावर आता लिहिलंय, हाताची पाठ टेकवा, गरम लागतं का पाहा, उजवी-डावी बाजू शेजारी ठेवून बघा, खिडकीपाशी या.

रुग्णांचे फोटो घ्यायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. संमतीचा कागद, चेहरा झाकणं, मोबाइलमधून कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. चित्रकला बरी असलेल्या दोघींनी त्वचेचे उभे छेद काढले, फोड कुठल्या थरात आहे ते कळेल असे. फोटोपेक्षा हेच उपयोगी पडलं.

१८ ऑगस्ट

केसांना फार वेळ लागला नाही, मराठी श्रीमंत आहे. व्हेलस म्हणजे लव. थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा येतो तो अरेक्टर पायलाय या बारक्या स्नायूचा खेळ. उवा-लिखा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. लिख केसाला चिकटून बसते, कोंडा झटकला की पडतो, संपलं.

फक्त ‘लानुगो : जावळ’ हे कार्ड वॉर्डातल्या मावशींनी हाणून पाडलं. ‘जावळ डोक्याचं, बाई. हे कमी दिवसांच्या पोराच्या पाठी-खांद्यावर असतं ते. त्याला कोण वस्तरा लावतंय?’ बरोबर. लानुगो पोटातच येतो आणि बहुधा जन्माआधीच गळतो. ‘पोटातली लव’ असं केलं.

बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम. नावापेक्षा ‘हे तात्पुरतं असतं’ हे वाक्य मोठ्या अक्षरात घातलंय. तापानंतरही असंच होतं.

२८ ऑगस्ट

मेंदीला महिना. नखाच्या मुळाशी रंग नसलेली नवी पट्टी दिसते ती मोजायची. पहिल्या फेरीत ११ जणींची मापं ५ मिलीमीटरच्या घरात. इतकी भरभर नखं वाढली तर रोज कापावी लागतील. पाहिलं तर सगळ्या एकच प्लॅस्टिकची पट्टी वापरत होत्या आणि कडेलाच शून्य धरून मोजत होत्या. त्या पट्टीची कड झिजून पहिले दोन मिलीमीटर गेले होते. पुन्हा मोजलं. हाताची नखं ३ मिलीमीटरच्या आसपास, मधलं बोट थोडं पुढे, करंगळी मागे. पायाचा अंगठा जेमतेम १.

आणि तळहातावरची मेंदी? ती तिसऱ्या आठवड्यातच गेली होती. त्वचेचा वरचा मृत थर झडत राहतो, त्याच्याबरोबर रंग जातो. नख झडत नाही, पुढे सरकतं. स्ट्रॅटम कॉर्नियम (हाच मृत थर) आणि नेल मॅट्रिक्स (नख जिथून वाढतं ते मूळ) ही दोन्ही कार्डं यानंतर कुणी उलटून पाहिली नाहीत. पायाच्या नखाच्या बुरशीला इतके महिने औषध का, हेही आपोआप सुटलं. नवं नख पूर्ण यायलाच वर्ष-दीड वर्ष जातं.

नखांचे बाकीचे शब्द याच भरात झाले. लुन्युला अर्धचंद्र. नखाखालच्या हळव्या जागेला ‘जिव्हाळी’, एकीच्या आजीचा शब्द, नख जिव्हाळीपर्यंत कापलं की ठणकतं ती. कॉइलोनिकियाला ‘चमचा नख’, पाण्याचा थेंब ठेवला तर न ओघळता बसून राहतो, लोहाची कमतरता आठवा. क्लबिंग, म्हणजे बोटांची टोकं फुगून नखं गोलावणं, ओळखण्यासाठी दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखं पाठीला पाठ लावायची. निरोगी नखांमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट दिसते, क्लबिंगमध्ये ती बुजते. शॅमरॉथ नावाच्या डॉक्टरांनी १९७६मध्ये हे नोंदवलं. वर्गात मात्र ‘शंकरपाळी टेस्ट’ हेच नाव पडलंय आणि परीक्षेत कुणीतरी ते लिहिणार, हे मला दिसतंय.

१४ सप्टेंबर

दुसरी छपाई आली. ६४ कार्डं झाली, ३२ पानं, तीन संच. रंगीत छपाई २,८८०, लॅमिनेशन १,९२०, आधी वाया गेलेले १,५००, वह्या, धान्य, मेंदीचे कोन मिळून ३४०. एकूण ६,६४०. शाळेच्या साहित्य निधीतून ३,००० मिळाले, बाकी माझे. तीन आठवड्यांचे चौदा झाले.

कार्डाची रचना पूर्ण बदलली. आधी एका बाजूला इंग्रजी, दुसरीकडे मराठी अशी जोडी होती. आता पहिली बाजू रुग्ण काय म्हणतो, दुसऱ्या बाजूला वर हाताला-डोळ्याला काय लागतं, त्याखाली वहीत काय लिहायचं. जिथे घरगुती शब्द फसवतो तिथे कोपऱ्यात लाल ठिपका. असे नऊ ठिपके आहेत. खाज आणि खरूज हाही त्यांत. खाज ही तक्रार, खरूज हा किड्याचा रोग. रात्री जास्त खाजतं का, घरात अजून कुणाला आहे का, बोटांच्या बेचक्या दाखवा, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सोरायसिसला मराठी शब्द घातलेला नाही. जे सापडले ते कुणी रुग्ण बोलत नाही, आणि ‘सोरायसिस’ गावातली म्हातारी माणसंही म्हणतात.

२९ सप्टेंबर

चाचणी झाली. पॅरोनिकिया कोरा सोडणाऱ्या तीन. त्या तिघी त्या आठवड्यात रजेवर होत्या, तरी त्यांना संच घरी दिला नव्हता ही माझी चूक.

कार्ड ५७ वर ‘नखुर्डे’ हे ‘नखुडे’ छापलं गेलंय. मोठ्याने वाचूनही सुटलं, कारण आम्ही सगळ्या मनातला शब्द वाचत होतो. संच क्रमांक २ मधली चिखल्यांची दोन कार्डं हरवली आहेत, पाऊस संपायच्या आत मिळाली तर बरं.

बोटांच्या नखांवर मेंदी निम्म्याच्या पुढे सरकलीय. पायाच्या अंगठ्यावर अजून बरीच शिल्लक आहे. दिवाळीच्या सुटीआधी पुन्हा मोजायचं ठरलंय, या वेळी स्टीलच्या पट्टीने.